न खेळलेल्या खेळांचे समीक्षक

"नाटक काय आणि व्हिडिओ गेम काय, मॅडम, समीक्षकाची नजर एकदा तयार झाली की तिला सगळं सारखंच!"

पडदेबुवांनी हे वाक्य संपादिकाबाईंच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या टाकलं आणि छाती दोन इंच पुढे काढली. पुढे जे रामायण घडलं त्याची सुरुवात ही अशी झाली.

पडदेबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी एकाच वर्तमानपत्रात नाटकांवर लिहिलं. त्यांनी शुक्रवारी झोडपलेल्या नाटकाचा पडदा पडायचा तो पुन्हा वर जायचाच नाही. म्हणून नटमंडळींनी चिडून हे नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, माणूस दुखावेल. पण पडदेबुवांना ते असं काही आवडलं की घराच्या पाटीवर लावायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं!

पण दिवस बदलले. गावात नाट्यगृहं तीन. त्यातल्या एकात सोफ्यांचं दुकान आलं. दुसऱ्याचं छप्पर दोन वर्षं दुरुस्तीला उघडं पडलेलं. तिसऱ्यात नाटकं कमी आणि भाषणंच जास्त. पडदेबुवांचं सदर अर्ध्या पानावरून पाव पानावर आलं, पाव पानावरून काडेपेटीएवढं झालं, आणि त्या सोमवारी संपादिकाबाईंनी ती काडेपेटीही काढून घेतली.

"पुढच्या आठवड्यापासून नाट्यसमीक्षा बंद," त्या म्हणाल्या. "तुम्ही हवामान बघा. 'आकाश अंशतः ढगाळ' वगैरे."

पडदेबुवांच्या डोळ्यांपुढे आकाश पूर्णतः ढगाळ झालं! अकराशे नाटकांना ज्याने घाम फोडला, त्याने आता आर्द्रतेचे आकडे लिहायचे? आणि तेवढ्यात बाईंच्या तोंडून सुस्कारा निघाला, "त्यात व्हिडिओ गेमवर लिहिणारी मुलगीही सोडून गेली. गेम बनवणाऱ्या कंपनीतच लागली. रविवारचं अख्खं अर्धं पान रिकामं!"

अर्धं पान! हे शब्द कानी पडले आणि पडदेबुवांच्या तोंडून ते नजरेबद्दलचं वाक्य निघून गेलं.

"पण तुम्ही कधी गेम खेळलाय का?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी अकराशे नाटकं पाहिली. एकात तरी काम केलं होतं का?"

बाईंनी कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. संध्याकाळी पडदेबुवा घरी आले ते बगलेत तो भलामोठा खोका घेऊन. खोक्यात एक यंत्र, दोन कंट्रोलर आणि नुकतेच बाजारात आलेले चार गेम.

घरी दोघं माणसं. एक बायको, दुसरे सासरे. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. बावीस वर्षांत तिने निम्म्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. आवाज असा, की तिने स्वयंपाकघरातून "ब्रेक!" म्हटलं तर रस्त्यावरची रिक्षा थांबावी! वाचायची म्हणाल तर फक्त रस्त्यावरच्या पाट्या. नवऱ्याच्या लेखांना ती आजवर कधी चांगलं म्हणाली नव्हती की वाईट. सासरे निवृत्त प्लंबर. हाताला सतत काहीतरी पिळायची सवय. गेल्या वर्षभरात त्यांनी घरातला एकूण एक नळ उघडून पुन्हा बसवला होता, आणि आता ते शेजाऱ्यांच्या नळांकडे आशेने बघत होते.

"काय आणलंय हे?" बायकोने विचारलं.

"काम," पडदेबुवा गंभीरपणे म्हणाले आणि दिवाणखान्याचं दार लावून घेतलं.

पहिला गेम साहसाचा होता. नाव 'दऱ्याखोऱ्यांची शपथ'. खोक्यावर एक दणकट वीर, हातात तलवार, मागे सात राज्यं, बारा राक्षस आणि आग ओकणारा डोंगर. पडदेबुवांनी वही उघडली, चष्मा पुसला, बटण दाबलं. आधी पडद्यावर एक सूचना आली: डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतका उजेड कमी करा. पडदेबुवांनी वहीत लिहिलं, 'सुरुवात सूचक. लेखकाला अंधाराबद्दल काही म्हणायचं आहे.'

मग वीर एका हिरव्यागार माळावर उभा राहिला. समोर एक ओंडका आडवा पडलेला. पडद्यावर अक्षरं आली, 'उडी मारा.' पडदेबुवांनी एक बटण दाबलं. वीर खाली बसला. दुसरं दाबलं. वीराने तलवार काढून ओंडक्यालाच हाणली. तिसरं दाबलं तर वीर मागे वळून चालू लागला, आणि त्याला पुन्हा ओंडक्याकडे तोंड करून उभं करण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी एकदाची उडी बसली, पण ती ओंडक्याच्या अलीकडे! वीर तोंडावर आपटला.

पडदेबुवांनी तीन दिवस उड्या मारल्या. बुडाखालची गादी चेपली, अंगठ्यांना फोड आले, वीर काही त्या ओंडक्याच्या पलीकडे गेला नाही. तो ओंडका म्हणजे निव्वळ सराव आहे, खरा खेळ अजून सुरूच झालेला नाही, हे त्यांना कळायचं कसं? त्यांना वाटलं, हाच खेळ!

आणि शनिवारी त्यांनी अगदी मनापासून लिहिलं:

'एक वीर. एक ओंडका. बास! एवढ्या दोन पात्रांवर हा खेळ उभा आहे. माणूस उडी मारतो, पडतो, पुन्हा उडी मारतो. जगण्यातली निरर्थकता इतक्या निष्ठुरपणे क्वचितच मांडली गेली असेल. मात्र मध्यंतरानंतरही ओंडका तोच राहतो, तेव्हा लेखकाची कल्पनाशक्ती आटल्याचं जाणवतं. खोक्यावरच्या सात राज्यांचा आणि बारा राक्षसांचा कथेशी कसलाही संबंध नाही. ओंडक्याचं काम उत्तम.'

रविवारी लेख छापून आला. सोमवारी पडदेबुवा ऑफिसात पाऊल टाकतात तोच सगळा विभाग टाळ्या वाजवायला लागला! संपादिकाबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

"ओंडक्याचं काम उत्तम!" त्या टेबलावर हात आपटत म्हणाल्या. "तीनशे पत्रं आलीत हो! लोक म्हणतात, इतका तिरकस माणूस इतकी वर्षं लपून कुठे बसला होता? अहो, त्या कंपनीच्या लोकांनीही कळवलंय, आम्ही हसून मेलो म्हणून!"

तीस वर्षांत त्यांच्या लेखाला कुणी हसलं नव्हतं, आणि तो लेख हसण्यासाठी लिहिलाच नव्हता! पण एका बाजूला तीनशे पत्रं आणि दुसऱ्या बाजूला अंशतः ढगाळ आकाश. पडदेबुवांनी मान किंचित तिरकी केली आणि हे सगळं ठरवूनच केल्यासारखं हसले.

"पुढच्या रविवारी मोटारींच्या शर्यतीचा गेम घ्या," बाई म्हणाल्या. "असाच खुसखुशीत!"

आता पंचाईत झाली. चुकून विनोदी लिहिणं निराळं आणि ठरवून विनोदी लिहिणं निराळं! पडदेबुवांनी 'सुसाट' नावाचा तो गेम सुरू केला. त्यांची मोटार सुटल्या सुटल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत शिरली. दुसऱ्यांदा गॅलरीत. तिसऱ्यांदा गॅलरी चुकली तेव्हा समोर तलाव होता.

दारात बायको उभी होती. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर नव्या शिकाऊ उमेदवाराकडे बघताना असतो तसा भाव.

"अहो, क्लच कुठाय यात?"

"क्लच नसतो यात."

"आरसा?"

"अगं, शर्यत आहे ही. आरसा कशाला?"

"सरका," बायको म्हणाली. तिने कंट्रोलर हातात घेतला आणि शर्यत सुरू केली. बाकीच्या एकोणीस मोटारी बंदुकीच्या गोळीसारख्या सुटल्या. बायकोची मोटार सावकाश, डावीकडून, एका लयीत निघाली. वळण आलं की ती तोंडाने "इंडिकेटर" म्हणायची. शर्यत शहरातल्या रस्त्यांवरून होती, आणि पहिल्या चौकात शोभेचा लाल दिवा होता. तिथे ती थांबली!

"अगं, थांबतेस काय? सगळे पुढे गेले!"

"जाऊ देत. कुठे जाणारेत? गोल रस्ता आहे, फिरून इथेच येणार." मग पुढे उलटलेल्या मोटारींकडे बोट दाखवून तिने जो तोंडाचा पट्टा सोडला! "हा बघा लाल गाडीवाला. याला लायसन्स दिलं कुणी? आणि हा! वळणावर ओव्हरटेक! याच्या बापाने रस्ता विकत घेतलाय का? ज्याने हा खेळ बनवला ना, त्याने गाडीत बसून नुसतं गाणी बदलायचंच काम केलं असणार. एकाही गाडीला ब्रेक लावल्यावर नाक खाली जात नाही. ब्रेक लागतो तेव्हा गाडी नमस्कार करते, एवढंही ठाऊक नाही?"

पडदेबुवांचा हात वहीत भराभर चालत होता. बायको विसावी आली. पण मोटारीला एक ओरखडा नव्हता!

"हे सगळं तुझ्या नावाने छापतो," पडदेबुवा भारावून म्हणाले. "वेगळी चौकट करून!"

"बघा बाई, सोयीने," बायको म्हणाली आणि कप उचलून गेली. पण जाताना ती स्वतःशीच हसली, हे पडदेबुवांनी पाहिलं.

शनिवारी लेख उतरवायला बसले तेव्हा चौकटीचा विचार त्यांच्या मनात होता, अगदी शेवटच्या परिच्छेदापर्यंत होता. मग वाटलं, लोकांना पडदेबुवा हवेत. लोक विचारतील, मग तुम्ही काय केलंत? चौकट गेली. वाक्यं मात्र सगळी राहिली, 'गाडी नमस्कार करते'सकट. आणि बायकोचा उल्लेख अगदीच नसावा हे बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी शेवटी एक ओळ जोडली. त्या ओळीने पुढे त्यांचा घात केला, पण तेव्हा ती त्यांना फार गोड वाटली होती.

रविवारी बायकोचे शिकाऊ उमेदवार सकाळपासून असायचे. ती परत येईपर्यंत पुरवणी कपाटाच्या तळाशी अंथरली गेली होती.

"माझी चौकट आली का हो?"

"अगं, आज पुरवणीच टाकली नाही पेपरवाल्याने."

त्याच्या पुढच्या आठवड्याला भुतांचा गेम आला. 'तेरावं तळघर'. एक पडका बंगला, त्यात आपण एकटे, आणि भिंतींतून येणारे आवाज. पडदेबुवांनी भर दुपारी पडदे ओढले, दोन मिनिटं खेळले आणि पडदे पुन्हा उघडून टाकले. तेवढ्यात सासरे आत आले आणि कान टवकारून उभे राहिले.

"जावईबापू, हा आवाज कुठला?"

"भूत आहे, बाबा."

"कसलं भूत? हवा धरलीय लाइनीत!" सासऱ्यांनी कंट्रोलर जवळजवळ हिसकावलाच. "थांबा, वरची टाकी बघू द्या."

पुढचे दोन तास सासरे त्या बंगल्यात नळ शोधत फिरले. मागून पांढरी साडी नेसलेली बाई यायची, त्यांचा गळा दाबायची, पडदा लाल व्हायचा, खेळ पहिल्यापासून. सासऱ्यांना त्याचं काही नाही! "ही बाई मधेमधे फार करते," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा जिना उतरायचे. अकरा वेळा मेल्यावर त्यांनी निकाल दिला, "तळघरात एवढं पाणी, आणि बाहेर जायला एक पाइप नाही! वरच्या मजल्यावर न्हाणीघर आणि त्याच्या बरोबर खाली देवडी. ओल येणार नाही तर काय होईल? त्या बाईला शांती मिळत नाही ती म्हणूनच. रात्रंदिवस टपटप चालू असल्यावर मेलेला माणूससुद्धा उठून बसेल!"

हेही छापलं गेलं, पडदेबुवांच्या नावाने. सहाशे पत्रं! आणि ती पुरवणी सासऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून पडदेबुवांनी शर्टाच्या आत पोटाशी दडवली. दिवसभर ते वाकले की कुरकुर आवाज यायचा, आणि सासरे संशयाने छताकडे बघायचे.

अशा माणसाला लोक सुखाने घरी बसू देतात का? नाही! गेम बनवणाऱ्या मंडळींची वार्षिक सभा भरायची होती, त्या भाषणांच्या नाट्यगृहात. त्यांनी संपादिकाबाईंमार्फत आमंत्रण पाठवलं: आपल्या लाडक्या समीक्षकाने शनिवारी दुपारी चार वाजता रंगमंचावर बसून, आठशे लोकांसमोर, 'सुसाट' बनवणाऱ्या खुद्द निर्मात्याशी शर्यत खेळावी!

"मी हो म्हणून टाकलं," बाई म्हणाल्या. "नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता ना?"

पडदेबुवा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"अगं, एक काम होतं. मला स्टेजवर 'सुसाट'च्या निर्मात्याशी खेळायचंय आणि अंगठ्यांना फोड आलेत. तू विंगेत बसून खरा कंट्रोलर चालव. मी बाहेर बंद पडलेला धरून बसतो. कुणाला काय कळतंय?"

"ही लबाडी झाली."

"नाटकात सर्रास चालतं गं! नट पेटी वाजवतो ती खरी कुठे असते? आत बसलेला वाजवतो."

बायकोने थोडा विचार केला. पण गाडीचा नमस्कार त्या निर्मात्याला एकदा समोरासमोर सुनवावा असं तिच्याही मनात होतं. "ठीक आहे. शर्यत झाल्यावर मला त्या माणसाशी दोन मिनिटं बोलायचंय, एवढं जमवा," ती म्हणाली.

शनिवारी नाट्यगृह खचाखच भरलं. विंगेतला पडदे ओढणारा माणूस पडदेबुवांच्या वीस वर्षांच्या ओळखीचा. त्याने बायकोला डाव्या विंगेत खुर्ची दिली, समोर छोटा टीव्ही लावून दिला. सासरे पहिल्या रांगेत. त्यांचं लक्ष छतावरच्या एका पिवळट डागाकडे. रंगमंचावर दोन खुर्च्या, मागे भिंतीएवढा पडदा. एका खुर्चीवर निर्माता, तिशीतला, नम्र, हसतमुख. दुसरीवर पडदेबुवा, हातात बंद कंट्रोलर, कपाळावर घाम.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. शर्यतीत स्पर्धकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून कंट्रोलरमध्येच एक बारीकसा माइक असतो. आणि आज त्याचा आवाज नाट्यगृहाच्या आठही स्पीकरना जोडलेला होता!

शर्यत सुरू झाली. निर्मात्याची मोटार सुसाट गेली. पडदेबुवा आपला कंट्रोलर असा काही गरागरा फिरवत होते की जणू पाट्यावर चटणी वाटतायत! पडद्यावर मात्र त्यांची मोटार डावीकडून संथपणे, एका लयीत चालली होती. लाल दिव्याशी थांबली. सभागृह खदखदून हसलं. निवेदक पुढे आला.

"मंडळी, ही शर्यत चालू असताना यांच्याच लेखातली काही रत्नं ऐकवतो! 'ब्रेक लागतो तेव्हा गाडी नमस्कार करते, एवढंही ठाऊक नाही?'"

टाळ्या!

"'गोल रस्ता आहे, फिरून इथेच येणार!'"

शिट्ट्या! पडद्यावरची मोटार जराशी हळू झाली. पडदेबुवांनी निवेदकाला डोळ्यांनी खुणावलं. निवेदकाला वाटलं, अजून वाच म्हणतायत.

"आणि शेवट तर काय गोड! 'माझ्या पत्नीला या खेळातलं फारसं काही कळलं नाही. मोटारीचा रंग मात्र छान आहे, असं ती म्हणाली!'"

मोटार आणखी डावीकडे सरकली. मोटार रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली.

मग आठही स्पीकरमधून, छताच्या पत्र्यालाही कंप सुटेल असा आवाज आला, "रंग? मी रंगाबद्दल बोलले?"

सभागृह दचकलं. पडदेबुवा उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "तांत्रिक बिघाड! तांत्रिक बिघाड आहे!"

"बिघाड तुमच्यात आहे! चौकट कुठाय माझी? पेपरवाल्याने पुरवणी टाकली नाही काय? अहो, बावीस वर्षं लोकांच्या खोट्या सबबी ऐकतेय मी, आणि घरातली एक ओळखता आली नाही!"

लोकांना वाटलं, हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग! हसून हसून खुर्च्या हलायला लागल्या. तेवढ्यात निर्मात्याची मोटार एक फेरी पुरी करून भरधाव आली आणि कडेला उभ्या असलेल्या मोटारीवर मागून धाडकन आदळली.

"काय रे ए!" स्पीकर कडाडले. "मागून येऊन ठोकतोस? पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं असतं, हे कुणी शिकवलं नाही?"

"सॉरी, मॅडम," निर्माता नकळत उठून उभा राहिला.

"सॉरी नाही! आरसा बघितलास का?"

"आरसा... आम्ही ठेवलेलाच नाहीये, मॅडम."

"तेच तर मी म्हणतेय!"

आता लोकांच्या ध्यानात यायला लागलं. पडदेबुवा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, कंट्रोलर कधीच खाली पडला होता, आणि पडद्यावर त्यांची मोटार दोन ट्रकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, एका दमात, उलटी, इंचही न चुकता जाऊन लागत होती. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्या नाट्यगृहात कुठल्या भाषणाला कधी झाला नसेल! विंगेतून बायको बाहेर आली. हातात कंट्रोलर, पदर खोचलेला. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. सरळ निर्मात्याशेजारी जाऊन बसली आणि त्याला ब्रेक समजावू लागली. त्यात पहिल्या रांगेतून सासरे उठले आणि सभागृहाला उद्देशून म्हणाले, "ती माझी मुलगी! आणि हा भुताचा काय प्रकार आहे, त्याबद्दलही काही छापलंय का हो?"

ज्यांनी छापलेलं वाचलं होतं त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा पांढऱ्या साडीतली बाई परवडली!

परतताना तिघं ड्रायव्हिंग स्कूलच्याच मोटारीत होते. पाचव्या चौकात लाल दिवा लागला.

"किती रविवार लपवलंत?" बायकोने समोर बघत विचारलं.

"दोन."

"नाव नाही घातलं, ते एक वेळ चाललं असतं. पण 'काही कळलं नाही' कशाला लिहिलंत?"

पडदेबुवांना खिडकीबाहेर बघून काहीतरी चलाख बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण ते म्हणाले, "कारण मलाच काही कळत नव्हतं गं. तीन दिवसांत एक ओंडका ओलांडता आला नाही मला. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, तुम्हाला येत नाही, तुम्हाला जमत नाही. ते स्वतःबद्दल कसं लिहायचं, ते येतच नव्हतं."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. बायकोने घाई केली नाही.

"येत नाही म्हणणाऱ्या माणसांना शिकवूनच मी आजवर पोट भरलं," ती म्हणाली. "तुम्ही एकदा म्हणायचं तरी होतंत."

मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "त्या नाट्यगृहाचं छप्पर गळतंय. कुणाला तरी सांगायला हवं."

सोमवारी पडदेबुवा खिशात राजीनामा घेऊन गेले. संपादिकाबाईंनी तो वाचला, त्यातली एक चूक लाल पेनाने दुरुस्त केली आणि परत दिला.

"वाचकांना आपण फसवलंय. राजीनाम्याने ते भरून निघत नाही. माफीनामा लिहा, तुमच्या नावाने, अर्धं पान. कोणतं वाक्य कुणाचं, ते सगळं."

पडदेबुवांनी लिहिलं. एकही अवघड शब्द न वापरता लिहिलेला तो त्यांचा पहिलाच लेख. त्याला पत्रं आली सातच, पण त्यातलं एक त्यांनीच झोडपून बंद पाडलेल्या नाटकाच्या दिग्दर्शकाचं होतं. तो लिहितो, 'बरं वाटलं.'

त्या दिवसापासून सदरावर दोन नावं येऊ लागली, एक ड्रायव्हिंग शिक्षिकेचं आणि दुसरं निवृत्त प्लंबरचं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'शब्दांकन' आणि त्यापुढे पडदेबुवा. घरात दोघं खेळायचे, भांडायचे, आणि पडदेबुवा मधे वही घेऊन बसायचे. वाक्य सुधारायला गेले की बायको म्हणायची, "जसं म्हटलं तसं लिहा. गिअर तुमच्याकडे नाही."

मग एके दिवशी नवा गेम आला. 'जिवलग'. शर्यत नाही, भूत नाही. एका छानशा गावात पाच बायका राहतात: एक शिंपीण, एक डॉक्टर, एक मासे विकणारी, एक ग्रंथपाल, एक घड्याळं दुरुस्त करणारी. त्यांच्याशी बोलायचं, मन जिंकायचं, आणि एकीने तरी हो म्हटलं की खेळ जिंकला.

"यात माझं काही काम नाही," सासरे म्हणाले आणि उठून गेले.

"हा तुम्ही खेळा," बायको म्हणाली. "उड्या नाहीत, वळणं नाहीत. नुसतं बोलायचंय. बोलण्यात तर तुमचा हात कुणी धरत नाही!"

पडदेबुवांच्या अंगात बळ आलं. त्यांनी चष्मा पुसला. शिंपिणीने त्यांना नवा सदरा दाखवला. समोर तीन उत्तरं आली, त्यातलं पडदेबुवांनी 'बाही जरा तोकडी वाटते' हे निवडलं. शिंपीण गेली. ग्रंथपाल आपल्या लहानपणाची गोष्ट सांगू लागली. पडदेबुवांनी 'मधला भाग रेंगाळतो' निवडलं. तीही गेली. मासे विकणारीला त्यांनी संवादफेक सुधारायला सांगितलं. डॉक्टरीण बोलत असताना बटण दाबून दाबून तिचं बोलणंच पुढे ढकललं. चार दिवस खेळून उरली एकटी घड्याळवाली. पाचव्या दिवशी, भर दुपारी, तिनेही मान हलवली: 'तुम्ही माणूस चांगले असाल. पण माझ्याकडे तेवढा वेळ नाही.'

पडदा काळा झाला. पडदेबुवा खचून बसले.

"अगं, खेळातच दोष आहे. पाचही पात्रं एकसुरी आहेत!"

बायको मागे उभी राहून सगळं बघत होती. कधीपासून, कोण जाणे. ती हसत नव्हती, पण ओठ घट्ट दाबलेले होते. तिने पुढे होऊन नवऱ्याच्या मांडीवरची वही उचलली, कानामागचं पेन काढून घेतलं आणि उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या.

रविवारच्या अर्ध्या पानावर, मधोमध, मोठ्या चौकटीत त्या दोन ओळीच छापून आल्या. शब्दांकनकाराने त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही:

'या खेळातल्या पाचही बायका शहाण्या आहेत. सहावीचं मत कुणी विचारू नये.'